सुई नवी आहे हो, पण...

"ताई, सुई नवीनच आहे." ठाण्यात राम मारुती रोडवर विचारा, डोंबिवलीत मानपाडा रोडवर विचारा, कल्याणात खडकपाड्याला विचारा. टॅटूच्या दुकानात स्वच्छतेचा विषय काढला की हेच उत्तर येतं. आर्टिस्ट पाकीट उजेडात धरतो, सील फाडतो, सोबतची मैत्रीण त्याचा व्हिडिओ काढते आणि विषय मिटतो. घरी आईने विचारलं तर मुलगीही हेच सांगते, आणि आईलाही हायसं वाटतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'टॅटू काढताना काय काळजी घ्याल' असा मजकूर येतो, त्यातही पहिला सल्ला सुईचा असतो आणि पुष्कळदा तिथेच लेखकाचा दम संपतो.

माझं भांडण या वाक्याशी आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बऱ्यापैकी दुकानांत सुई खरोखरच नवी असते. ती इतकी स्वस्त झाली आहे की जुनी वापरून कोणी श्रीमंत होणार नाही. पण पुढचे सगळे प्रश्न बंद करण्यासाठी हे वाक्य वापरलं जातं, आणि खरी गडबड त्या न विचारलेल्या प्रश्नांत आहे.

हा भरवसा आला कुठून ते पाहण्यासारखं आहे. एके काळी दवाखान्यात काचेची सिरिंज आणि सुया पाण्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरत. मग एड्सची भीती आली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, भिंतींवर आणि एसटी स्टँडांवर नव्या सुईचा संदेश झळकला, आणि सलूनमध्ये दाढीला बसलेला माणूस आधी ब्लेड बदलायला सांगू लागला. मोहीम म्हणून ते उत्तमच झालं. मात्र त्या मोहिमेने आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं केलं: संसर्ग सुईतून येतो, म्हणून सुई बदलली की संसर्ग गेला. इंजेक्शनपुरतं हे बऱ्याच अंशी चालतं, कारण तिथे एक टोचणी असते, दोन सेकंदांचं काम असतं आणि कापसाचा बोळा दाबला की संपतं.

टॅटू म्हणजे इंजेक्शन नव्हे. मशीनची सुई कातडीत साधारण एक-दोन मिलिमीटर आत, मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा जाते. तळहाताएवढ्या राजमुद्रेला किंवा मोरपंखाला दोन-तीन तास सहज लागतात. तेवढा वेळ ती जागा उघडी जखम असते, शाईत मिसळून रक्त आणि पाझर वर येत राहतो, आर्टिस्ट तो टिश्यूने पुसत राहतो. आता सुईवरून नजर काढून त्याच्या हाताकडे पाहा. ग्लोव्हज घातलेला हात पाण्याच्या स्प्रे-बाटलीचा खटका दाबतो. दिवा जवळ ओढतो. मशीनचा वेग कमी-जास्त करायला पॉवर सप्लायचं बटण फिरवतो. व्हॅसलिनच्या डबीत बोट घालतो. खुर्चीचा हात खाली करतो. डिझाइनचा फोटो मोठा करून बघायला मोबाइल उचलतो आणि त्याच ओघात गाणंही बदलतो. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं की सुई कचऱ्यात जाते, शाईच्या इवल्या टोप्या जातात, ग्लोव्हज जातात. बाटली, दिवा, बटण, डबी आणि मोबाइल जागच्या जागी राहतात. पुढच्या गिऱ्हाइकासाठी नवी सुई येते, नवे ग्लोव्हज चढतात, आणि ते नवे ग्लोव्हज पहिल्यांदा लागतात कशाला? दिव्याला.

हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ ब, हिचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. रक्त डोळ्यांना दिसायला हवं असंही नाही. रुग्णाचं रक्त लागलेली सुई लस न घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला टोचली तर कावीळ ब होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के धरतात. एचआयव्हीच्या बाबतीत हाच आकडा ०.३ टक्का आहे. सगळे घाबरतात एचआयव्हीला, आणि चिवट निघतो तो दुसराच. म्हणून जो आर्टिस्ट दिव्याच्या मानेला, बटणाला आणि बाटलीला प्लास्टिकचं आवरण लावतो, मशीनच्या वायरवर पिशवी चढवतो आणि गिऱ्हाईक बदललं की हे सगळं फाडून टाकतो, त्याच्यावर मी सुईचं पाकीट मिरवणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवीन. व्हॅसलिन आइस्क्रीमच्या काडीने वेगळं काढून घेणारा आणि फोन वाजला तरी न उचलणारा माणूस दिसला, तर तिथे खुशाल बसावं.

आता खुद्द सुईविषयी. हल्ली बहुतेक जण कार्ट्रिज वापरतात, सुई आतमध्ये असलेली प्लास्टिकची टोपी. चांगल्या कार्ट्रिजमध्ये एक पातळ पडदा असतो. शाई आणि रक्त मागे मशीनमध्ये शिरू नये हे त्याचं काम. स्वस्त मालात तो पडदा नसतो किंवा नावापुरता असतो. मग नवी कोरी कार्ट्रिज अशा मशीनला जोडली जाते, जिच्या पोटात आधीच्या माणसाचं काहीतरी शिल्लक आहे. म्हणजे सुई नवी असूनही वाट जुनीच. हे गिऱ्हाइकाला पाकिटावरून कळत नाही, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ नवशिक्या आर्टिस्टनाही माहीत नसतं. ज्याच्या मशीनची ग्रिप, म्हणजे हातात धरायची नळी, अजून स्टीलची आहे त्याच्याकडे ऑटोक्लेव्ह हवा: दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर निदान पंधरा-वीस मिनिटं. कोपऱ्यात निळ्या प्रकाशाची पेटी असते, ब्युटी पार्लरमध्ये कंगवे ठेवतात तशी, तिच्यावर 'स्टरिलायझर' लिहिलेलं असतं. तो प्रकाश पडेल तेवढ्या पृष्ठभागावरच काम करतो, नळीच्या आत पोहोचत नाही. डेटॉलमध्ये बुडवलं म्हणजेही निर्जंतुक झालं असं नव्हे. पण निळा दिवा दिसतो छान.

शाईवर तर कोणी बोलतच नाही. २०११च्या अखेरीस अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढलेल्या १९ जणांच्या कातडीवर चिवट पुळ्या आल्या. मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाचा, क्षयाच्या जंतूचा दूरचा नातेवाईक शोभेल असा जंतू निघाला. सुया नव्या होत्या. दोष निघाला राखाडी छटेसाठी कारखान्यातच पाणी घालून तयार केलेल्या शाईत. इतका लांबचा दाखला देण्याचं कारण म्हणजे तिथे शोध घेणारी यंत्रणा होती, म्हणून मूळ सापडलं. आपल्याकडे तशा पुळ्या आल्या की आधी 'अ‍ॅलर्जी' म्हणून मलम मिळतं, मग दुसरं मलम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये बाजारातल्या ७५ शायांचे नमुने तपासले, त्यांपैकी २६ नमुन्यांत जंतू वाढले; बाटल्या सीलबंद होत्या. हे तिकडच्या नामांकित बाजाराचं चित्र. इकडे तर राखाडी छटा हवी म्हणून काळ्या शाईत दुकानातच पाणी घालतात, आणि ते पाणी कुठलं हे विचारलं तर बिसलेरीचं असं अभिमानाने सांगतात. पिण्याचं पाणी पोटात जायला योग्य असतं. कातडीच्या आत टोचायला निर्जंतुक पाणी लागतं, जे औषधाच्या दुकानात छोट्या कुपीत मिळतं.

१९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या करताना शरीरावर चोळायच्या, ओतायच्या, शिंपडायच्या वस्तूंबरोबर शरीरात घालायच्या वस्तूही धरल्या आहेत. वाचायचं ठरवलं तर टॅटूची शाई तिथे बसवता येईल. वाचायचं कोणी ठरवलेलं नाही. शेजारच्या कर्नाटकात आरोग्य खात्याने शाईचे नमुने तपासून त्यात जड धातू सापडल्याचं २०२५च्या सुरुवातीला सांगितलं आणि शाईसाठी मानकं ठरवा असा आग्रह केंद्राकडे धरला. युरोपीय संघाने २०२२च्या जानेवारीपासून शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या. आपल्या दुकानातली बाटली कुठल्या कारखान्याची, कुठल्या तारखेपर्यंत चालणारी, कधी उघडलेली, एवढं विचारलं तरी समोरचा माणूस गोंधळतो, कारण हे कोणी विचारतच नाही. सगळ्यांचं लक्ष सुईकडे.

दुसरा युक्तिवाद दुकानातून येत नाही, घरातून येतो. "माझ्या आजीच्या हातभर गोंदण होतं, गावभर एकच सुई फिरली, तिला काय झालं?" मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर, भिवंडीच्या आगरी घरांत, कोळीवाड्यांत गोंदण होतं आणि आहे. दोन-चार सुया दोऱ्याने बांधून, काजळीत बुडवून, गोंदणारी बाई काम करायची, वरून हळद. मेल्यावर बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, ही समजूत अनेक घरांत ऐकायला मिळते. त्या नक्षीविषयी, त्या बायकांच्या हातातल्या कसबाविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र "आजीला काही झालं नाही" हे विधान तपासायचं कसं? कावीळ बचा विषाणू ओळखला गेला १९६०च्या दशकात, कावीळ क, म्हणजे हिपॅटायटिस सी, तिचा १९८९ मध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं खेड्यातल्या बाईची ती तपासणी होण्याचा प्रश्नच नव्हता. हे आजार वीस-तीस वर्षं गुपचूप यकृत पोखरतात. शेवटी माणूस जातो तेव्हा घरात एवढंच बोललं जातं की पोटात पाणी झालं होतं, किंवा कावीळ झाली होती, झाडपाल्याने उतरली नाही. पुरुष असेल तर दारूवर ढकलून मोकळं. ज्या आजीला काही झालं नाही ती नातवाला आठवते. जिला झालं तिचा नातू हा युक्तिवाद करायला येत नाही. शिवाय आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके आणि आजच्या पोरांची खांद्यापासून मनगटापर्यंतची स्लीव्ह यांत टोचण्यांच्या संख्येचा हिशेबच वेगळा. गोंदणाची परंपरा जपायची तर नक्षी जपा. सुई जपायचं कारण नाही. जत्रेत बॅटरीवरच्या मशीनने पाच मिनिटांत बदाम आणि नाव काढून देणारे असतात, त्यांच्याकडे तर नव्या सुईचं सोंगही नसतं, आणि तिथे सर्वांत जास्त संख्येने बसतात ती शाळकरी मुलं.

तिसरा पक्ष याच्या बरोबर उलटा. टॅटू म्हणजे एड्स, बंदच करून टाका. ऑगस्ट २०२२ मध्ये वाराणसीहून बातमी आली होती: डझनभर लोकांना एचआयव्हीची लागण, आणि त्यांच्यातला समान दुवा म्हणजे स्वस्तातला टॅटू. ती बातमी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजही दर नवरात्रीत फिरते, तारीख काढून टाकून. समान दुवा सापडणं आणि लागण तिथूनच झाली हे सिद्ध होणं, यात बरंच अंतर आहे. अमेरिकेत टॅटू काढून घेणाऱ्यांची संख्या कोट्यवधींत आहे, आणि तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार टॅटूमुळे एचआयव्ही झाल्याची एकही ज्ञात घटना तिथे नाही. धोका शक्य आहे, म्हणून काळजी घ्यायची. पण एचआयव्हीची भीती दाखवून काम भागवलं की तरुण मुलं एवढंच शिकतात की सुई नवी घ्यायची, आणि आपण फिरून पुन्हा त्याच वाक्याशी येतो. बंदीचंही एकदा होऊन गेलं आहे. न्यूयॉर्क शहराने काविळीच्या साथीचं कारण देऊन १९६१ मध्ये टॅटूवर बंदी घातली. छत्तीस वर्षं आर्टिस्ट घराघरांत, बंद दाराआड काम करत राहिले. १९९७ मध्ये बंदी उठली आणि तिच्या जागी परवाना आला. आज तिथे परवान्यासाठी संसर्ग नियंत्रणाचा छोटा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी लागते.

यावर शहाणी माणसं म्हणतात, गिऱ्हाइकानेच डोळे उघडे ठेवावेत. ठेवावेत ना. पण गिऱ्हाईक बघणार काय? भिंतीवर फ्रेम करून लावलेला गुमास्ता परवाना? २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीचीही गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. दोन खुर्च्यांचं टॅटूचं दुकान आणि मोबाइल कव्हरचं दुकान यांत त्या कागदाला फरक करता येत नाही. पाटी मराठीत आहे का हे पाहायला माणूस येऊ शकतो, आणि यावा, माझी काही तक्रार नाही. आत ऑटोक्लेव्ह आहे का, असला तर तो चालतो का हे पाहायला कोणी येत नाही. ऑटोक्लेव्हची खात्री चिवट जंतूंची कुपी आत ठेवून करतात. ती चाचणी शेवटची कधी झाली हे डोळे कितीही मोठे केले तरी गिऱ्हाइकाला दिसणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे आरोग्य विभाग आहेत. आरोग्याला धोका पोहोचवू शकणाऱ्या धंद्यांना परवाना लावण्याचा अधिकार महापालिका अधिनियमात आहे. तो टॅटूला लावायला नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. अठराच्या खालच्या मुलांना बसवायचं नाही, शाईच्या बाटलीचा बॅच नंबर बिलावर टाकायचा, आर्टिस्टला कावीळ बची लस टोचलेली असायची, वर्षातून एकदा कोणी तरी अचानक येऊन बघून जायचं. सुरुवातीला एवढं पुरे.

चांगले आर्टिस्ट याला विरोध करतील असं मला वाटत नाही. त्यांनाच तर इंचाच्या भावाने काम करणारे बुडवतात. शिवजयंतीची ऑफर, व्हॅलेंटाइनची ऑफर, जोडीने आलात तर एक फुकट: त्या भावात प्लास्टिकची आवरणं, चांगलं कार्ट्रिज, निर्जंतुक पाणी आणि मधल्या वेळात खुर्ची नीट पुसायला लागणारी वीस मिनिटं बसतच नाहीत. काहीतरी वगळावं लागतं. सुई वगळता येत नाही, कारण तिच्यावर कॅमेरा रोखलेला असतो.

आणि ही नवी सुई नवी असते कधीपर्यंत? पाकीट फाडेपर्यंत. दोन तासांनी ती रक्ताची सुई असते, आणि तिचं पुढे काय होतं हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. दवाखान्याला २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत. सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जातात आणि वेगळ्या गाडीने उचलल्या जातात. त्या नियमांतली व्याख्या निदान, उपचार, लसीकरण आणि संशोधन यांच्याभोवती फिरते. टॅटू यांपैकी कशातच मोडत नाही. म्हणून ती सुई वडापावच्या कागदासोबत काळ्या पिशवीत जाते आणि सकाळी घंटागाडीवरचा माणूस ती पिशवी हाताने दाबून बसवतो. त्याच्यासाठी कोणी पाकीट फाडून दाखवलेलं नसतं. तुमच्या टॅटूची किंमत तोही मोजत असेल, तर 'माझ्या शरीराचा प्रश्न आहे' हे म्हणणं जरा कमी जोरात म्हणावं.

दुकानाबाहेर पडल्यावरचं मी थोडक्यात सांगतो, कारण हे सांगणारे पुष्कळ आहेत. ताजा टॅटू म्हणजे दोन-तीन आठवडे भरत राहणारी जखम. ती घेऊन सकाळी आठच्या डोंबिवली फास्टमध्ये घामाने निथळणाऱ्या खांद्यांना घासत उभं राहायचं का, याचा विचार आधी करावा. पावसाळ्यात घोट्यावर किंवा पोटरीवर तर नकोच. दरवर्षी तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोची भीती असते, आणि लेप्टो शिरतो तो मुख्यतः खरचटलेल्या, फुटलेल्या कातडीतून. पाणी कुठे तुंबतं हे ठाणे-कल्याणकरांना मी सांगायला नको. खाज सुटली म्हणून हळद, खोबरेल, कोरफड यांचे प्रयोग करू नयेत. आणि लाली पसरत गेली, ताप आला किंवा आठवड्यांनंतर पुळ्या उठल्या तर दुकानात फोटो पाठवण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं आणि टॅटू कधी काढला हे न लाजता सांगावं. रक्तदान करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की टॅटूनंतर १२ महिने रक्तपेढी तुमचं रक्त घेणार नाही. रक्तपेढ्यांचा नव्या सुईवर एवढा विश्वास नाही.

"मग काय, काढूच नये?" असं आता कोणी चिडून विचारेल. काढा की. पण ज्या एका गोष्टीने सगळ्यात मोठा धोका जवळजवळ संपतो, ती दुकानात मिळत नाही आणि तिचा व्हिडिओही निघत नाही. कावीळ बची लस. सरकारी लसीकरणात ती टप्प्याटप्प्याने येत देशभर पोहोचली २०११ मध्ये. आज विशी ओलांडलेल्या सगळ्यांचाच जन्म त्याआधीचा. १९९७ मध्ये हैदराबादच्या कंपनीने देशी लस आणल्यावर ती आवाक्यात आली, आणि अनेकांच्या आईवडिलांनी ती खासगीत टोचून घेतली. कोणी टोचली, कोणाचा तिसरा डोस राहून गेला. घरातलं जुनं कार्ड शोधा. नाही सापडलं तर रक्ताची साधी तपासणी करून घ्या. कावीळ कवर लस नाही, पण ती पकडली गेली तर आता तीन महिन्यांच्या आसपास गोळ्यांनी बरी होते आणि राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे. कावीळ बचे डोस तीन: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. पहिला गुढीपाडव्याच्या सुमारास घेतला तर दुसरा वैशाखात आणि तिसरा नवरात्रीच्या आसपास येतो. दसरा झाला की दुकानात जाऊन बसा, दिव्याला प्लास्टिक आहे ना तेवढं बघा. दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर जाईपर्यंत खपली पडून गेलेली असेल.